वाट पाहणाऱ्या घरांची गोष्ट



जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात जांब समर्थ नावाचे गाव आहे. समर्थ रामदासांचे जन्मस्थान म्हणून सारा महाराष्ट्र त्याला ओळखतो. शके १५३० मध्ये, म्हणजे १६०८ साली, रामनवमीच्या दिवशी सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या पोटी नारायणाचा जन्म झाला. वयाच्या बाराव्या वर्षी बोहल्यावर उभा असताना ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच तो मांडवातून निघून गेला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कीर्तनकार येथवर आले की लगेच नारायणाच्या मागोमाग नाशिकजवळच्या टाकळीला जातात, आणि श्रोतेही त्यांच्याबरोबर जातात. आज आपण तसे न करता जांबेतच थांबू. मांडव उतरला, वऱ्हाडी परतले, आणि घरात आई राहिली. त्या आईकडे आज पाहू.

सूर्याजीपंतांचे निधन त्याआधीच झाले होते. थोरला गंगाधर जवळ होता, धाकट्याचा मात्र ठावठिकाणा नव्हता. सांप्रदायिक चरित्रे सांगतात की, बारा वर्षांची तपश्चर्या आणि बारा वर्षांचे तीर्थाटन करून समर्थ जांबेस आले, तेव्हा पुत्रवियोगाने रडून रडून आईची दृष्टी गेली होती. पुत्राचा हात लागला आणि ती दृष्टी परत आली, अशीही श्रद्धा आहे. जाणे आणि येणे या दोन टोकांच्या मधली चोवीस वर्षे राणूबाईंनी कशी काढली असतील, याविषयी कथा फारसे बोलत नाही. ती वर्षे हाच आजच्या लेखाचा विषय आहे, कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरांत ती आजही चालू आहेत.

ना निरोप, ना परतीचा दिवस

मृत्यूचे दुःख मोठे असते, पण समाजाने त्याला रीत घालून दिली आहे. माणसे भेटायला येतात, दहावा-तेरावा होतो, वर्षश्राद्ध होते. दुःख संपत नसले तरी ते कोठे ठेवायचे हे कळते. ज्या वियोगाला असा शेवटच नसतो, त्याचे काय करायचे? तो माणूस गेला असे म्हणवत नाही, आणि आहे असेही म्हणता येत नाही.

अमेरिकेतील कुटुंबोपचारतज्ज्ञ पॉलिन बॉस यांनी १९७०च्या दशकात या प्रश्नाचा अभ्यास सुरू केला. व्हिएतनामच्या युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांची कुटुंबे त्यांच्यासमोर होती. अशा दुःखाला त्यांनी स्वतंत्र नाव दिले आणि १९९९ साली या विषयावर पुस्तक लिहिले. मराठीत आपण त्याला ‘अधांतरी वियोग’ म्हणू. त्याचे दोन प्रकार त्यांनी सांगितले. पहिल्यात माणूस शरीराने दूर असतो, पण मनातून हलत नाही. दुसऱ्यात माणूस समोर बसलेला असतो, पण तो पूर्वीचा राहिलेला नसतो. स्मृतिभ्रंश झालेल्या पतीची, पत्नीची किंवा आईवडिलांची शुश्रूषा करणारे हे दुसरे दुःख रोज भोगतात.

जालन्याच्या खेड्यांना पहिला प्रकार नवा नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतील कित्येक जोडपी मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मधल्या काळात गावात म्हातारी माणसे आणि शाळकरी नातवंडे उरतात. कोणाचा मुलगा पुण्याच्या कारखान्यात आहे, कोणाची मुलगी परदेशात आहे. फोनवर आवाज ऐकू येतो, पडद्यावर चेहरा दिसतो, आणि फोन ठेवला की ओसरी पूर्वीपेक्षा अधिक रिकामी वाटते. अशा आईने दुःख बोलून दाखवले, तर चटकन उत्तर मिळते, ‘पोरं पोटासाठी गेली आहेत, रडायचं कशाला?’ उत्तर खोटे नसते, पण त्याने ती गप्प होते.

बॉस यांचा आग्रह असा की, या दुःखाला आधी नाव द्यावे. ‘मी खचलो आहे, कारण माझी परिस्थितीच खचवणारी आहे’ एवढे कळले तरी स्वतःला दोष देणे थांबते. दुसरी गोष्ट म्हणजे, परस्परविरोधी वाटणाऱ्या दोन गोष्टी एकत्र खऱ्या असू शकतात, हे मान्य करावे. ‘तो येथे नाही आणि तरीही तो माझा आहे.’ ‘ही माझी आई आहे आणि ही आता पूर्वीची आई नाही.’ शुश्रूषा करणाऱ्यांच्या मनात माया आणि वैताग एकाच दिवशी दाटतात. त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. वैताग मनात येणे हा दोष नाही. तो रुग्णावर काढला जाऊ नये, एवढेच पाहायचे.

दुःखाच्या आड लपलेला आजार

येथे थोडे थांबून एक वैद्यकीय गोष्ट सांगणे आवश्यक आहे. राणूबाईंच्या दृष्टीची कथा भक्तिभावाने ऐकावी, परंतु रडल्याने डोळे जात नाहीत. उतारवयात दृष्टी मंदावते ती बहुधा मोतीबिंदूने, आणि क्वचित काचबिंदूने किंवा मधुमेहाने डोळ्यांच्या पडद्यावर झालेल्या परिणामाने. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया शासकीय रुग्णालयांत विनामूल्य होते. काचबिंदूने गेलेली दृष्टी मात्र परत येत नाही, म्हणून तपासणी वेळेवर झाली पाहिजे.

हे सांगण्याचे कारण असे की, एकाकी वृद्धाच्या प्रत्येक तक्रारीला आपण दुःखाचे नाव देऊन मोकळे होतो. ‘मुलगा गेल्यापासून आबा बोलत नाहीत’ असे घरचे म्हणतात. प्रत्यक्षात आबांना ऐकू येत नसते. ‘माय सारखं विसरते, तिचं मन लागत नाही’ असे म्हटले जाते. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार किंवा नैराश्य यांमुळेही विस्मरण होते, आणि त्यांवर उपचार आहेत. म्हणून गोष्टी सांगण्या-ऐकण्याकडे वळण्यापूर्वी डोळे, कान आणि रक्त यांची तपासणी करून घ्यावी. ज्याला समोरचा चेहरा दिसत नाही आणि शब्द ऐकू येत नाहीत, तो कोणाशी काय बोलणार?

आठवण काढणे हा रोग नव्हे

म्हातारी माणसे तीच ती जुनी गोष्ट सांगतात, याचा घरातील तरुणांना कंटाळा येतो. एकेकाळी वैद्यकशास्त्रही याकडे बुद्धी क्षीण झाल्याचे लक्षण म्हणून पाहत असे. १९६३ साली रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी हा समज खोडून काढला. आयुष्याच्या उत्तरार्धात माणूस आपल्या गतकाळाकडे वळतो, न मिटलेले हिशेब पुन्हा उघडतो, त्यांचा अर्थ लावतो. हे मनाचे स्वाभाविक काम आहे, असे त्यांनी मांडले. त्याला त्यांनी ‘जीवनाचा आढावा’ अशा अर्थाचे नाव दिले. हेच बटलर पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेचे पहिले संचालक झाले.

त्यानंतर आठवणींवर आधारित उपचारपद्धती निर्माण झाल्या. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवरील अभ्यासांतून त्यांचा लाभ दिसतो, पण तो माफक असतो आणि सर्वत्र सारखा नसतो. मन थोडे प्रसन्न होते, बोलणे वाढते, काहींचे जगणे सुखावते. आजार बरा होत नाही. तसे आश्वासन कोणी देत असेल, तर सावध राहावे.

आपल्याकडच्या स्त्रियांना हे काम शिकवावे लागले नव्हते. पहाटे जात्यावर बसून त्या माहेर, भाऊ, सासर, भूक, सीतेचा वनवास, सारे ओवीत सांगत. जे कोणाजवळ बोलता येत नसे, ते जात्याजवळ बोलत. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हा मराठीवरचा मोठा उपकार आहे. पिठाची गिरणी आली आणि बायकांच्या पाठीवरचे ओझे उतरले, हे चांगलेच झाले. पण त्याबरोबर त्यांचे रोजचे मन मोकळे करण्याचे ठिकाणही गेले. ती जागा आता घरातल्या माणसांनी घ्यायची आहे.

संध्याकाळचा प्रश्न

कल्पना करा की, मंठा तालुक्यातील एका घरात पंचाहत्तरीचे आजोबा दिवेलागणीला अस्वस्थ होतात आणि विचारतात, ‘बैल सोडले का? पाणी दाखवलं का?’ बैलजोडी विकून पंधरा वर्षे झाली आहेत. स्मृतिभ्रंशात संध्याकाळी असा गोंधळ वाढणे सर्रास आढळते. सून सांगते, ‘मामा, बैल कधीच विकले.’ आजोबांना तो घाव नव्याने बसतो, ते चिडतात, आणि अर्ध्या तासाने पुन्हा तोच प्रश्न येतो.

एके दिवशी ती बोलणे बदलते. ‘मामा, आपल्या जोडीतला कोणता बैल जास्त गुणाचा होता?’ आजोबा क्षणभर थांबतात. मग बैलाचे नाव येते, त्याच्या शिंगांचा रंग येतो, कोणत्या बाजारातून आणला ते येते, पोळ्याला त्याला कसे सजवले ते येते. सून खोटे बोललेली नसते आणि तिने घावही घातलेला नसतो. त्या प्रश्नामागे एका शेतकऱ्याची सत्तर वर्षांची जबाबदारी उभी होती. तिला तिने फक्त वाट करून दिली. दुसऱ्या दिवशी प्रश्न पुन्हा येईल, आणि कधीकधी या उपायाचाही उपयोग होणार नाही. तरीही दहापैकी चार संध्याकाळी शांत गेल्या, तर सांभाळणाऱ्याला ते थोडे नसते.

अशा बोलण्यासाठी काही साध्या गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

‘मला ओळखलंत का?’ अशी परीक्षा घेऊ नये. आपणच आपले नाव आणि नाते सांगावे.

साधारणपणे दहा ते तीस या वयातील आठवणी माणसाच्या मनात सर्वांत दाट असतात. म्हणून शाळा, लग्न, पहिले पीक, पहिली नोकरी यांविषयी विचारावे. १९७२च्या दुष्काळात जे विशीत होते, ते आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. खडी फोडण्याची कामे, सुकडी, लाल मिलोची भाकरी, आटलेल्या विहिरी यांविषयी त्यांना विचारा. आठवणी आपोआप येतील. जे नव्वदीच्या आसपास आहेत, त्यांना निजामाचे राज्य आणि १७ सप्टेंबर १९४८ नंतरचे दिवस आठवत असतील.

‘तुमचं आयुष्य कसं गेलं?’ हा प्रश्न फार मोठा होतो. ‘माय, तुझ्या माहेरच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहायचं का?’ असा लहान प्रश्न विचारावा. हातात एखादी वस्तू द्यावी: पितळी तांब्या, अडकित्ता, जुना फोटो. हातांना पुष्कळ काही आठवते.

दहा-पंधरा मिनिटे पुरेत. सांगणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आले, तर घाईने विषय बदलू नये. हात हातात घेऊन बसावे. मात्र एखादी आठवण त्यांना छळत असेल, त्या नुसत्या नावाने शरीर थरथरत असेल, तर ती उकरून काढू नये.

आशा कोठे ठेवावी

आता पुन्हा जांबेस येऊ. समर्थ परतले, येथे कथा सुखान्त झाली असे आपल्याला वाटते. परंतु ते कायमचे राहण्यासाठी आले नव्हते. काही काळानंतर ते कृष्णाकाठी निघून गेले, आणि पुढचे त्यांचे कार्य तिकडेच झाले. परंपरा सांगते की, या मुक्कामात त्यांनी आईला कपिलगीता सांगितली. भागवताच्या तिसऱ्या स्कंधात कपिलमुनी आपली आई देवहूती हिला उपदेश करतात, तो हा भाग. देवहूतीचे पती कर्दम आधीच वनात गेलेले आहेत, आणि उपदेश संपल्यावर पुत्रही आईची अनुज्ञा घेऊन निघून जाणार आहे. म्हणजे जांबेच्या घरात एका मुलाने आपल्या आईला तिचीच गोष्ट दुसऱ्या आईच्या नावाने सांगितली. यावेळी ‘सावधान’ ऐकून पळणे नव्हते. निरोप होता, आणि आईची संमती होती.

मला या कथेत आशेचा खरा अर्थ दिसतो. चोवीस वर्षे राणूबाईंची आशा ‘तो येईल’ या एकाच शब्दावर टांगलेली होती. नंतर तो पुन्हा दूर गेला, तरी ती आशा तुटली नाही, कारण आता तिला त्याच्या जाण्याचा अर्थ ठाऊक होता. बॉस यांचेही सांगणे याच दिशेचे आहे: जे परत येणार नाही त्याची आस हळूहळू सैल करावी आणि जे अजून घडू शकते त्यावर नवी आशा बांधावी. मुलगा गावी कायमचा परतणार नसेल, तर ‘तो परत येऊन शेती करील’ ही आशा रोज जखम करते. ‘त्याच्या मुलीला या शेताची गोष्ट माझ्या तोंडून कळेल’ ही आशा मात्र पुरी होण्यासारखी आहे, आणि ती पुरी करणे आपल्या हातात आहे.

जालन्याचा मोसंबी उत्पादक हे चांगले जाणतो. येथील मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. २०१२-१३च्या दुष्काळात याच जिल्ह्यात बागाच्या बागा वाळल्या. पोटच्या पोरासारखी वाढवलेली झाडे सरपणासाठी तोडताना पाहणाऱ्या म्हाताऱ्यांचे दुःख कोणत्याही विधीत बसणारे नव्हते. तरीही अनेकांनी पुन्हा रोपे लावली. मोसंबीला चांगले फळ धरायला चार-पाच वर्षे लागतात. सत्तरीतला माणूस रोप लावतो, तेव्हा तो भविष्याशी बोलत असतो.

नातवंडांच्या झोळीत

अमेरिकेतील एमरी विद्यापीठातील मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिव्हुश यांनी मुलांना आपल्या कुटुंबाविषयी किती माहिती आहे हे तपासण्यासाठी वीस प्रश्न तयार केले. आजी-आजोबा कोठे वाढले, आईवडिलांची भेट कशी झाली, घरावर कोणते संकट आले होते, असे ते प्रश्न. ज्या मुलांना अधिक उत्तरे येत होती, त्यांचा आत्मविश्वास अधिक असल्याचे त्यांना आढळले. नुसती उत्तरे पाठ करून घेतल्याने तो येणार नाही. ती उत्तरे ज्या घरात सहज बोलली जातात, त्या घराचा तो गुण असावा. त्यांच्या मते मुलांना सर्वांत बळ देणारी कथा नुसत्या उत्कर्षाची नसते आणि नुसत्या ऱ्हासाचीही नसते. ‘आपण पडलो, सावरलो, पुन्हा पडलो, पण एकमेकांना सोडलं नाही’ अशी ती असते.

आईवडील ऊसतोडीला गेलेल्या ज्या नातवाला आपण रात्री कुशीत घेऊन झोपता, त्याला अशीच गोष्ट हवी असते. तुमच्यापाशी ती आहे. तिला शिक्षण लागत नाही, पैसा लागत नाही.

मराठवाड्यातील काही घरांत कर्जाने आणि निराशेने तरुण मुलाने स्वतःचा जीव दिला आहे. तेथे आजी-आजोबा त्याचे नावही काढत नाहीत, आणि नातवंडे काही विचारत नाहीत. सारे घर एका बंद खोलीभोवती फिरत राहते. अशा घरातील वडीलधाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे: मुलांच्या वयाला पेलेल एवढे खरे त्यांना सांगा, आणि मग त्यांचा बाप कसा जगला तेही सांगा. तो विहिरीत कसा पोहायचा, त्याला कोणती भाजी आवडायची, मुलगी झाली तेव्हा त्याने गावात पेढे कसे वाटले. एका दिवसाने त्याचे सारे आयुष्य झाकून टाकू नये.

मदत केव्हा घ्यावी

गोष्टीने मन हलके होते, पण प्रत्येक दुःख गोष्टीने उतरत नाही. जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतर सहा महिन्यांहून अधिक काळ शोकाची तीव्रता कमी होत नसेल आणि रोजचे व्यवहार ठप्प झाले असतील, तर डॉक्टरांना भेटावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात याची स्वतंत्र नोंद आहे. जेवण सुटणे, वजन उतरणे, पहाटे जाग येऊन पुन्हा झोप न लागणे, कशातच रस न वाटणे, ‘मी सर्वांना भार झालो’ असे वारंवार म्हणणे, ही नैराश्याची लक्षणे असू शकतात. वृद्धांत नैराश्य पुष्कळदा अंगदुखी आणि अपचनाच्या तक्रारींतून बोलते. मरणाची भाषा कोणी केली, तर ती कधीही थट्टेवारी नेऊ नये. त्या व्यक्तीला एकटे न ठेवता त्याच दिवशी मदत मिळवावी.

मानसिक आधारासाठी शासनाची ‘टेली-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. ज्येष्ठ नागरिकांसाठी ‘एल्डरलाइन’चा क्रमांक १४५६७ आहे. हे दोन क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून घरात दिसतील असे लावावेत. शुश्रूषा करणाऱ्यांनीही ते आपल्यासाठी वापरावेत. सांभाळणारा कोसळला, तर घरात दोन रुग्ण होतात.

या पंधरवड्यासाठी

वाचकहो, पुढचा अंक हाती येईपर्यंत एक छोटे काम करावे. आपण वृद्ध असाल, तर आपल्या आयुष्यातील एकच प्रसंग निवडा, ज्यात काही हरवले होते आणि तरीही दुसरा दिवस उजाडला. तो घरातील सर्वांत लहान ऐकणाऱ्याला सांगा. घरात कोणी नसेल, तर शेजारच्या मुलाला बोलवा, किंवा फोनवर ध्वनिमुद्रित करून दूरच्या मुलाला पाठवा. आपण सांभाळ करणारे असाल, तर दिवेलागणीच्या वेळी हातातले काम बाजूला ठेवून दहा मिनिटे जवळ बसा आणि एक लहानसा प्रश्न विचारा.

उत्तर लांबले, विस्कळीत झाले, शंभर वेळा ऐकलेले निघाले, तरी ऐका. सांगणारा थांबला की एवढेच म्हणा, ‘मग पुढं काय झालं?’